घरात कोत नाही

मी, दयानंद किशनराव शेळगे, वय वर्षे ४६, सेनेतून निवृत्त हवालदार, हल्ली लातूरच्या एका पतसंस्थेत बंदूकधारी रक्षक, राहणार चाकूर, जिल्हा लातूर, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते या कागदावर माझ्याच हाताने लिहून ठेवतो. मला कुणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही आणि पाजलेलंही नाही. हे शेवटचं वकीलबाईंच्या नमुन्यात नव्हतं. मी घातलं, कारण माझे थोरले बंधू उद्या सगळ्यात आधी हेच म्हणतील.

अक्षर वेडंवाकडं आहे, याची नोंद घ्यावी. सकाळी न पिता बसलो की माझे हात असेच कापतात. पोटात गेली की अक्षर मोत्यासारखं येतं. ज्याला हा कागद खोटा ठरवायचा असेल त्याने सरळ अक्षरातली एक ओळ काढून दाखवावी. हा कागद तीन सकाळी लिहिला, डॉ. मुकुल देशपांडे यांनी त्या तिन्ही दिवशी मला तपासलं आहे आणि शुद्धीत असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे.

आत्ताच का लिहितो, तर गुरुवारी मला नांदेडला व्यसन सोडवण्यासाठी भरती व्हायचं आहे. आमच्या पतसंस्थेतला शिपाई वीरण्णा गेल्या वर्षी घरच्या घरी दारू सोडायला गेला. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि तो गेला. डॉक्टर म्हणतात, म्हणूनच भरती होऊन सोडायची, तिथे औषधं असतात, माणसं असतात. मी मान डोलावली. पण वीरण्णाच्या तिरडीला मी खांदा दिलेला आहे, ते खांद्याला आठवतं.

तरी मरणाची भीती माझ्याकडे दुसऱ्या नंबरची आहे. पहिली भीती अशी, की मी जिवंत असताना माझ्याच हातून माझ्या घरातलं माणूस जाईल. घरात दोनच माणसं आहेत, पत्नी उज्वला आणि मुलगी देविका. हे सगळं लिखाण खरं म्हणजे कलम सहासाठी चाललं आहे. पण वकीलबाई म्हणाल्या, घरापासून सुरुवात करा.

कलम १. चाकूर येथील माझं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोरची पत्र्याची पडवी, सर्व उज्वलाला द्यावं. तिच्यानंतर देविकाला. या घराची एकेक वीट उज्वलाने उभी राहून रचून घेतली. मी तेव्हा सीमेवर होतो आणि फोनवर नुसता हुकूम सोडत होतो. मधल्या खोलीच्या दाराला आतून जी लोखंडी कडी आहे ती गेल्या डिसेंबरात उज्वलाने बसवून घेतली. सुताराने विचारलं, "आतून कशाला हो ताई, चोर तर बाहिरून येतो." तिने त्याला चहा दिला. मी पडवीत बसून ऐकत होतो.

कलम २. गावाकडच्या जमिनीत माझा हिस्सा अडीच एकर आहे. तो देविकाचा. थोरले बंधू आप्पासाहेब तो वाट्याने करतात, पुढेही त्यांनीच करावा, कारण शेतीत त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही हे शत्रूनेही मान्य करावं. फक्त बांध कोरू नये. दरवर्षी नांगर एका सरीने इकडे सरकतो आणि दादा म्हणतात, बैल बुजला. दहा वर्षं झाली ट्रॅक्टर आहे, तरी बैलच बुजतो.

कलम ३. कॅन्टीनचं कार्ड. हे वाचणाऱ्याला सांगायला हवं, की निवृत्त फौजीला दर महिन्याला कॅन्टीनमधून ठरावीक बाटल्या स्वस्तात मिळतात. त्याला आम्ही कोटा म्हणतो. मी निवृत्त होऊन आलो तेव्हा लोक हार घेऊन आले, आणि हार सुकायच्या आत कोटा विचारायला आले. रोहित्र जळालं, की दादा म्हणणार, एक बाटली दे. मोजणी अडली, एक बाटली दे. सोयरीक जमली, तर दोन. माझ्या कोट्यावर अर्ध्या गावाची कामं झाली, आणि उरलेल्या बाटल्या कुठे गेल्या ते माझ्या यकृताला माहीत. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दादांना म्हणालो, की कार्डच परत देतो, घरात नकोच. दादा पडवीतल्या खाटेवर बसलेले. म्हणाले, "फौजीच्या घरात बाटली न्हाई मंग तू फौजी कशाचा? लोकं काय म्हनतील? ह्याला काढून टाकलं का काय?"

मी कार्ड ठेवलं. दादांना दोष देत नाही, त्यांनी बाटली माझ्या तोंडाला लावली नाही. पण त्या दिवशी त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे त्यांनी माझ्या मागे एकदा आठवावं. माझ्यानंतर उज्वलाच्या नावचं कार्ड होईल. तिने त्यावर साबण, तेल, चहा, देविकाला पंखा, हवं ते घ्यावं. बाटली एकही उचलू नये. आणि दारात कुणी पिशवी घेऊन कोटा मागायला आला, तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं, मग तो सोयरा असो की साहेब.

कलम ४. माझं शरीर. २०११ साली गस्तीवर पुढच्या जवानाचा पाय सुरुंगावर पडला. तो जागीच गेला. माझी डाव्या हाताची दोन बोटं गेली, डावा कान गेला आणि कमरेत लोखंडाचे तुकडे शिरले. त्यातले तीन अजून आत आहेत. डॉक्टरांनी काढले नाहीत, कारण काढताना पाय जायची धास्ती होती. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ते सापडतील. आप्पासाहेबांनी आधी स्वतः हात घालून ते वेचावेत आणि गोदावरीत सोडावेत. देविकाला दाखवू नयेत.

दुखण्यावर हॉस्पिटलात गोळ्या होत्या. युनिटमध्ये परत आलो तेव्हा गोळ्या संपल्या आणि रम होती. कडाक्याच्या थंडीत ती रीतसरच मिळायची, त्यात चोरी नव्हती. दोन पेग घेतले की कमर गप्प बसायची, चार घेतले की तो जवान दिसायचा बंद व्हायचा. डॉक्टरांना हे सांगायची हिंमत झाली नाही. मनाचं दुखणं कागदावर चढलं की बढती गेली, अशी आमच्यात समजूत होती. खरी की खोटी, मी कधी विचारलं नाही. सगळेच गप्प होते, मीही गप्प बसलो.

पदकं आणि गणवेशाची ट्रंक देविकाला. कानाचं यंत्र शेजारचे बसवराज कलशेट्टी यांच्या वडिलांना द्यावं. बसवराज म्हणतात, "बाबाला ऐकू आलं तर आमचं भांडण वाढंल." तरी द्यावं.

कलम ५. हे कलम वकील सौदामिनी पाटील यांनी मला दोनदा काढायला सांगितलं. मी ठेवतो.

जखमेनंतर मला गस्तीवरून काढून कोतवर बसवलं. कोत म्हणजे युनिटची शस्त्रं ठेवायची खोली. जाडजूड दार, दोन कुलुपं आणि एक रजिस्टर. प्रत्येक जवान पहाऱ्याला जाताना सही करून रायफल नेतो, परत आला की सही करून जमा करतो. रोज संध्याकाळी मोजणी. एक जरी कमी असेल तर सगळं युनिट जागेवर उभं. आणि एक नियम आहे जो शिकवायला लागत नाही: ज्याच्या तोंडाला वास आहे त्याच्या हातात हत्यार द्यायचं नाही. सहा वर्षं मी कोत सांभाळली. सहा वर्षांत एकदा चुकलो.

आमच्याच भागातला पोरगा होता. साल, ठिकाण आणि नाव मी लिहीत नाही. दुपारी चारच्या पहाऱ्यासाठी तो खिडकीशी आला आणि मला वास आला. मी म्हणालो, "पिऊन आलास." तो म्हणाला, "हवालदार साहेब, सुट्टी नामंजूर झाली. मायचं आपरेशन हाय. एकच घेतली बगा, देवाशप्पथ." नियमाप्रमाणे मी वर कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर त्याच्यावर कारवाई झाली असती. गाववाला आहे, मातीचा आहे, आईचं लिहून आलंय, असं मनात आलं. मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्याने सही केली.

दोन तासांनी त्याच्याच रायफलीची गोळी लागून तो गेला. पाय घसरला की आणखी काही, कुणी पाहिलं नाही. चौकशीत अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, "शस्त्र घेताना तोंडाला वास होता का?" मी म्हणालो, "नाही, साहेब." होता म्हटलं असतं, तर त्याच्या आईची पेन्शन अडकली असती आणि माझ्या बाहीवरच्या हवालदारीच्या फितीही गेल्या असत्या. दोन्हीपैकी कशासाठी खोटं बोललो ते मला आजही ठरवता येत नाही.

निवृत्त झाल्यापासून दर दिवाळीला मी त्या माउलीला लुगडं आणि ज्वारीचं पोतं नेऊन देतो. ती मला जवळ बसवून घेते. गेल्या दिवाळीला म्हणाली, "तू व्हतास तिथं, म्हनून माझ्या लेकराच्या तोंडात पानी तरी पडलं आसंल." मी हो म्हणालो. तेही खोटं. मी तिथे नव्हतो. माझ्यानंतर देविकाने हे लुगडं आणि ज्वारी चालू ठेवावी. नाव-गाव तिला तोंडी सांगितलं आहे.

कलम ६. बंदूक.

माझ्या नावे परवान्याची एकनळी बारा बोरची बंदूक आहे. पतसंस्थेतली नोकरी तिच्यावर आहे. बंदूक नसेल तर मी एक कान आणि आठ बोटं असलेला लंगडा माणूस, मला कोण ठेवणार? संध्याकाळी सुटलो की बंदूक खोळीत घालून चाकूरच्या गाडीत बसतो, लोक जागा देतात. घरी आणून कपाटात ठेवतो. इतकी वर्षं ठेवली. गेल्या नोव्हेंबरात निवडणुकीसाठी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या, तेव्हा मी पतसंस्थेचं पत्र दाखवून सूट मिळवली आणि वर मिशीला पीळ दिला. तेव्हाच दिली असती तर पुढचं घडलं नसतं.

१५ डिसेंबर, रविवार. सुट्टी होती म्हणून मी सकाळी दहालाच प्यायला बसलो होतो. गल्लीत लग्न होतं. साडेअकराच्या सुमारास नवरदेवाची मिरवणूक आली आणि कुणीतरी आमच्या भिंतीला लागून सुतळी बॉम्ब लावला. एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते असं, की मी मधल्या खोलीत कपाटाआड गुडघ्यावर बसलो आहे, बंदूक खांद्याला आहे आणि नळी दाराकडे आहे. दारात उज्वला उभी होती. तिच्या हातात अक्षतांची वाटी होती, ती लग्नाला निघाली होती. तिच्या मागे देविका.

उज्वला हलली नाही. ओरडलीही नाही. हळू आवाजात म्हणाली, "मी हाय. उज्वला. लगीन हाय भाईर, दुसरं काई न्हाई. खाली करा ते."

'खाली कर', हा फौजेतला हत्यार रिकामं करायचा हुकूम, कानात गेला आणि हातांनी आपोआप कवायत केली. नळी जमिनीकडे नेली, बंदूक उघडली. मला खात्री होती की आत काही नाही. काडतुसं उज्वलाने महिनाभर आधीच ज्वारीच्या कणगीत लपवली होती आणि ती कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं; पतसंस्थेत मी महिनाभर रिकामीच बंदूक घेऊन उभा राहत होतो. बंदूक उघडली आणि आतून काडतूस फरशीवर पडलं. जिवंत. ते घरंगळत देविकाच्या पायाशी गेलं.

ते मी कधी शोधलं, कधी भरलं, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. शत्रूची भीती वाटली तर माणूस शत्रूकडे बघतो. मी कुणाकडे बघू? कणगीतून ज्वारी उपसणारे ते हात हेच आहेत, ज्यांनी मी आत्ता लिहितो आहे.

त्या दिवसापासून घरात एक रीत पडली. कुणी शिकवली नाही. दोघीही कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी उंबऱ्याबाहेर थांबतात आणि नाव सांगतात. "मी देविका, येऊ का?" "मी हाय, चहा आणलाय." स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, पहारेकऱ्याला ओळख सांगावी तशा. देविका बारावीला आहे. तिची मैत्रीण परवा आली आणि सरळ आत शिरली, तर देविकाने तिला हाताला धरून मागे ओढलं. मैत्रीण हसली. देविका हसली नाही.

म्हणून या कलमाने मी असं ठरवलं होतं, की माझ्यानंतर ही बंदूक कुणाही वारसाने, नातेवाइकाने किंवा गाववाल्याने मागू नये, चोवीस तासांत ती पोलीस ठाण्यात जमा करावी. हे मी सोमवारी लिहिलं आणि मला फार बरं वाटलं. मोठं काम झाल्यासारखं वाटलं. त्या आनंदात संध्याकाळी प्यालो.

मंगळवारी दुपारी वकीलबाईंना कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी कलम सहा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शेळगे साहेब, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर चालू होतं. तोवर यातला एक शब्दही चालत नाही."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे बंदूक आज रात्री कुठे असेल, ते हा कागद सांगू शकत नाही. तुम्ही नांदेडहून बरे होऊन आलात, आणि परत सुरू झाली, तर तेव्हा कुठे असेल, तेही नाही. तुम्हाला भीती तुमच्या मरणानंतरची आहे का?"

मी मसुद्याची घडी करून खिशात घातली. घरी येऊन उज्वलाला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, नोकरी जाईल, थांबा थोडं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. म्हणाली, "दीड म्हैना झाला, मी रोज वाट बगून राहिले की तुमीच म्हनाल. मी कसं म्हनू? फौजीला बंदूक सोड म्हनायचं कसं?" मग रडली. मीही रडलो. देविका बाहेर थांबली होती, तिने त्या वेळी नाव सांगितलं नाही.

कलम ६, दुरुस्ती. बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५. आज सकाळी साडेदहा वाजता बसवराज कलशेट्टी यांच्या स्कूटरवर बसून मी बंदूक आणि कणगीतून काढलेली सगळी काडतुसं चाकूर ठाण्यात नेऊन जमा केली. परवाना परत देण्याचा अर्जही दिला. त्यामुळे वरील कलमात सांगितलेली वस्तू आता माझ्याकडे नाही, आणि ती कुणाला द्यावी हा प्रश्नच उरलेला नाही. कलम रद्द समजावं. नोकरीचं काय ते पतसंस्थेला आजच कळवलं. त्यांचं उत्तर काय येईल ते मला कळून चुकलं आहे.

ठाणे अंमलदार भला माणूस. बंदूक तपासून घेतली आणि विचारलं, "कारण काय लिवू? घरगुती लिवतो."

मी म्हणालो, "लिहा, धारक दारू पितो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार साहेब, आसलं लिवायचं नसतंय. कागद ऱ्हातो. पोरगी लग्नाला आली तुमची, उद्या कुनी काडलं तर? घरगुती लिवतो म्हनलं ना. सगळ्यांचं बरं व्हतं."

सगळ्यांचं बरं होतं, हे मी पूर्वी एकदा केलेलं आहे. बसवराज माझा दंड धरून म्हणाले, "चालतंय की दयानंदराव, लिवू द्या घरगुती." मला देविकाची भीती वाटली, तिच्या होणाऱ्या सासरची वाटली, दादांची वाटली, गावाची वाटली. तरी मी म्हणालो, "अंमलदार साहेब, माझ्या तोंडाला वास येतो. रोज येतो. आज नाही, पण परवा होता. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

पावती घरी आणून उज्वलाच्या हातात दिली. तिने ती उभ्या उभ्या वाचली, कारणाच्या रकान्यावर थांबली, आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी सहाची गाडी हाय. चला, पिशवी भरू."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी ३, ४ व ५ फेब्रुवारी २०२५ या तीन सकाळी, एक थेंबही न घेता लिहिलं. सगळं स्वतः वाचून पाहिलं, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही करतो. यापूर्वी मी असा दुसरा कागद केलेला नाही. नांदेडहून परत आलो तर नवा करीन.

लिहून ठेवणार:
दयानंद किशनराव शेळगे
(सही थरथरती, पण माझीच)

साक्षीदार:

१. बसवराज कलशेट्टी, पिठाची गिरणी, चाकूर. दयानंदरावांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर. ठाण्यात मी सोबत होतो. तिथं मी त्यांना अडवलं, ते चुकलं, हेही इथं लिहा म्हणालो म्हणून लिहिलं आहे. (सही)

२. डॉ. मुकुल देशपांडे, चाकूर. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर. तिन्ही सकाळी तपासलं. नाडी जलद, हातांना कंप, बुद्धी व स्मृती स्वच्छ. भीती आहे, आणि ती योग्य आहे. (सही)

ठिकाण: चाकूर, जिल्हा लातूर
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२५